तुझ्या हॅलिफॅक्सहून आलेली माणसं

फ्रीटाउन (सिएरा लिओन), २८ मे २०२३

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, झाडच तर पडलंय ना, तुझा आवाज का असा?" तेवढ्यात रेंज गेली. गेली ते बरंच झालं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज रविवार, लाइट नाही, आवाज नको म्हणून जनरेटरही बंद ठेवलाय. म्हणून लिहायला बसलो.

बुधवारी रात्री वादळी पाऊस झाला. सकाळी आमचा ड्रायव्हर आला तोच गप्प. एरवी त्याची टकळी बंद होत नाही. गाडी कोर्टापाशी पोचली तेव्हा कळलं. चौकातल्या कॉटन ट्रीचा नुसता बुंधा उरलाय. सत्तर मीटर उंच, चारशेच्या आसपास वर्षांचं झाड. इथल्या नोटांवर छापलेलं. तीन वर्षं मी त्याला वळसा घालून कामावर जातोय, बहुतेक वेळा ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडत. मान वर करून नीट कितीदा पाहिलं असेन, देव जाणे.

नावात कॉटन असलं तरी ही आपली कपाशी नव्हे. ही पांढरी सावर, आपल्या काटेसावरीच्या भावकीतली. आजीची ती उशी आठवते? उसवली की घरभर म्हाताऱ्या उडायच्या. तोच हलका कापूस. बुंध्याची मुळं मात्र भिंतीसारखी उभी, दोन मुळांच्या बेचक्यात माणूस उभा राहिला तर रस्त्यावरून दिसायचा नाही.

आता तुझ्या गावाचा भाग.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी जाहीर केलं, की बंडखोर मालकाला सोडून आमच्याकडे येणारा गुलाम मोकळा. हजारोंनी पळ काढला. त्यात एक हॅरी वॉशिंग्टन. आडनावावरून ओळखलंसच. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावरचा गुलाम! मालक स्वातंत्र्यासाठी लढत होता आणि हा त्याच्याच तावडीतून निसटला. पुढे इंग्रज हरले. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडायची वेळ आली तेव्हा वॉशिंग्टननं ही माणसं परत मागितली, इंग्रज सेनापती कार्लटननं दिली नाहीत. सुमारे तीन हजार नावं वहीत लिहिली गेली आणि त्यातल्या बहुतेकांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला, म्हणजे तुझ्या हॅलिफॅक्सच्याच प्रांतात, नेलं.

तिथं जमीन देऊ म्हणाले होते. कित्येकांना मिळालीच नाही, मिळाली त्यांना खडक मिळाला. तिथल्या बर्चटाउन गावात काहींनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डा खणून, वर छप्पर टाकून काढला. (तू हीटरची तक्रार करतेस तेव्हा मला हल्ली हेच डोळ्यांसमोर येतं. रागावू नकोस.) त्यांच्यातला टॉमस पीटर्स हा एकेकाळचा पळालेला गुलाम. तो अर्ज घेऊन समुद्र ओलांडून थेट लंडनला गेला. त्या खटपटीतून ठरलं, की ज्यांना जायचंय त्यांनी आफ्रिकेत जाऊन वसावं. १५ जानेवारी १७९२ ला हॅलिफॅक्सहून पंधरा जहाजं सुटली, जवळजवळ बाराशे माणसं घेऊन. तू संध्याकाळी फिरायला जातेस तोच समुद्र. साठांहून अधिक जण वाटेतच गेले. काहींचा जन्मच आफ्रिकेतला. एकदा हाच समुद्र ते साखळदंडात ओलांडून गेले होते.

मार्चमध्ये इथं उतरल्यावर ती माणसं झाडी तोडत या सावरीपर्यंत चालत आली आणि तिच्याखाली त्यांनी देवाचे आभार मानले, असं इथं पोरासोरांनाही ठाऊक असतं.

पण झाडाखाली आले नि सुखी झाले, इथंच गोष्ट संपवणाऱ्यांचं मला पटत नाही. पीटर्स त्याच वर्षी तापानं गेला. नदीत वर, बन्स बेटावरच्या किल्ल्यात गुलामांची खरेदी-विक्री चालूच होती. आणि ही वस्ती चालवणाऱ्या इंग्रज कंपनीनं जमिनीवर सारा मागितला, तेव्हा १८०० मध्ये यातलेच काही उठले. बंड मोडलं. त्यात हॅरी वॉशिंग्टनही होता. त्याला वस्तीबाहेर काढलं. गुलामी सोडून पळालेला माणूस म्हातारपणी पुन्हा भांडायला उभा राहिला, हे मला त्या प्रार्थनेपेक्षा मोठं वाटतं.

गुरुवारी संध्याकाळी मुद्दाम चौकात गेलो. झाडावर वटवाघळांची वस्ती होती. ती अंधार पडताना येऊन रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होती. खाली एक आजीबाई तुटक्या फांदीवर हात ठेवून बसलेल्या. बोलत काही नव्हत्या. आमच्या ड्रायव्हरनं वीतभर साल उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. अजून तिथंच आहे. तिच्यातून मुंग्या निघतायत, पण मी काही बोललो नाही.

एक काम कर. बर्चटाउनला या लोकांचं संग्रहालय आहे. तुझ्याकडून दोनशे किलोमीटरच्या वर पडेल, थंडी सुरू व्हायच्या आत मैत्रिणीची गाडी मिळते का बघ. तिथल्या किनाऱ्याचा एक फोटो पाठव, माणसं नकोत, नुसता किनारा. ड्रायव्हरला दाखवायचाय. त्याची आजी सांगायची, आपण तिकडून आलो.

पेट्रोलला पैसे लागले तर सांग, संकोच करू नकोस.

तुझा
बाबा