विज्ञान चमूचा सराव शाळेच्या वेळेतच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या विज्ञान प्रदर्शनीचे दिवस आहेत. बक्षीस घेणाऱ्या चमूंचे फोटो पेपरात येतात. आमच्या भागातला फोटो दिसला की मी त्यात बाहेरगावाहून शाळेत येणारी मुलगी शोधतो. ती क्वचितच सापडते. याचं कारण मला रोज डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. प्रात्यक्षिकाची मांडणी करणं, परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि कुलूप-किल्ली सांभाळणं हे माझं काम. आमच्या शाळेत आजूबाजूच्या खेड्यांतून बऱ्याच मुली राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने येतात. आठवी ते बारावीच्या मुलींना ही बस फुकट आहे. ती सुरू झाली नसती तर यातल्या किती तरी मुली सातवीनंतर घरीच राहिल्या असत्या. या बसचे आमच्या भागावर उपकार आहेत, हे मी आधीच सांगून ठेवतो.

पण बस सुटण्याची वेळ ठरलेली असते आणि चमूचा सराव शाळा सुटल्यावर असतो. सगळी अडचण इथेच आहे.

नववीतल्या एका मुलीचं सांगतो. तिच्या वडिलांच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे काय केलं ते वेगळं सांगायला नको, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात माणसं गेली. ही अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजून जातं. वरून बोंड चांगलं दिसतं, आत सरकी पोखरलेली असते. म्हणून अळी दिसण्याची वाट न बघता पतंग मोजायचे असतात. वावरात एकरी दोन कामगंध सापळे लावले की मादीच्या गंधासारख्या आमिषाने नर पतंग त्यात येतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला आहे की एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, असे सलग ३ रात्री सापडले, तर नुकसानीची पातळी गाठली असं समजावं आणि मगच उपाय करावा.

या मुलीने तेच केलं. सकाळी बस येण्याआधी धुऱ्याने जाऊन सापळ्याची पिशवी सोडायची, पतंग मोजायचे, वहीत लिहायचे. पाऊस आला तर पाऊस लिहायचा, वारा असला तर वारा. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेली फुलं, मोजायच्या, हिरवी बोंडं फोडून आतली अळी बघायची. ती वही मी वाचली आहे. पावसाच्या रात्री आकडा शून्यावर यायचा आणि उघाड पडली की एकदम चढायचा. एकाच रात्रीच्या आकड्यावर पंप पाठीला लावला तर औषध आणि मजुरी वाया जाऊ शकते, हे तिला त्या वहीतून समजलं होतं. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

प्रकल्प शाळेतून निवडला गेला. मग सुरू झाला सराव: तक्ता कसा मांडायचा, चार मिनिटांत कसं सांगायचं, परीक्षक काय विचारतील. हे सगळं रोज शाळा सुटल्यावर. तिची बस त्याआधीच निघायची आणि त्यानंतर तिच्या गावाला दुसरी गाडी नाही. थंडीत लवकर अंधार पडतो. अशा वेळी फाट्यावर उभं राहून कोणाच्या मोटरसायकलची वाट बघ, असं कुठला बाप मुलीला सांगेल? वडिलांनी नाही म्हटलं, ते बरोबरच होतं. शेवटी तिचं नाव निघालं आणि शाळेच्या गावातला एक मुलगा चमूत आला.

तालुक्याला परीक्षकांनी विचारलं, एका रात्रीत आठ पतंग आले तर लगेच फवारणी का नाही करायची? तीन रात्री का थांबायचं? मुलगा हुशार आहे, पाठ केलेलं सगळं त्याने नीट सांगितलं होतं, पण या प्रश्नावर गप्प झाला. त्याचा काही दोष नाही. सापळा त्याने उघडलाच नव्हता. उत्तर जिच्याजवळ होतं ती त्या वेळी वर्गात बसली होती.

आमच्या सरांनाही मी दोष देत नाही. दिवसभर तासिका, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं. त्यांना मोकळा वेळ मिळतो तोच शाळा सुटल्यावर. पण ‘मुलींना विज्ञानाची आवड नसते’ असं कोणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं. प्रयोगाच्या तासाला मी समोर असतो. ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची तोटी हळू सोडून थेंबाथेंबाने अंतिम बिंदू, म्हणजे रंग बदलण्याचा नेमका क्षण धरणाऱ्या मुली मी पाहतो. कोणी म्हणतं, मोबाइलवर सराव करून घ्या. बोलण्याचा होईल, हाताचा कसा होणार?

आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड २०१३ साली आपल्या पुण्यात झालं. त्यात देशाचा चमू सहा मुलांचा असतो आणि प्रयोगाची परीक्षा तिघातिघांचा गट मिळून देतो. एक मोजतो, एक लिहितो, एक तपासतो. असा गट महिनाभरात पाठांतराने तयार होत नाही. एकत्र चुकून, एकत्र दुरुस्त करूनच तो होतो, आणि त्यासाठी सगळ्यांना एका वेळी एका टेबलाशी उभं राहायला मिळालं पाहिजे.

बसने येणाऱ्या मुली चमूत असण्याचा आणखी एक फायदा आहे, त्याचा विचार फारसा होत नाही. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन प्रकल्प करतात. आमच्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलीग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, असं भारतीय मानक आहे. एका बसमध्ये चार-पाच गावांच्या मुली असतात. प्रत्येकीने आपल्या गावच्या हातपंपाची एक बाटली आणली तर एवढ्या गावांचं पाणी एका सकाळी आमच्या टेबलावर येईल. जलजीवन मिशनचं तपासणी किट ग्रामपंचायतीकडून मागून घेता येतं. शाळेच्या गावातल्या मुलांना एवढे नमुने गोळा करायला आठवडा लागेल.

तेव्हा सराव शाळेच्या वेळेत बसवावा, एवढीच माझी मागणी आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहेच, त्यात प्रकल्प करावेच लागतात. त्याच्या तासिका जोडून घेतल्या तर आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेत सलग वेळ मिळतो. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी बसच्या वेळेबद्दल आगारप्रमुखांशी मुख्याध्यापकांनी बोलून बघावं. शिक्षण विभागाचं प्रदर्शनीचं परिपत्रक दरवर्षी येतं. चमूचा सराव शालेय वेळेतच घ्यावा आणि ज्याने निरीक्षणं केली त्याचं नाव सरावाच्या वेळेमुळे वगळू नये, अशा दोन ओळी त्यात घालाव्यात. त्याला पैसा लागत नाही.

आणखी एक. आमच्याकडे निळी बस सकाळी घंटेच्या बरीच आधी येते, कारण तिला पुढच्या फेरीला जायचं असतं. तोवर मुली व्हरांड्यात दप्तर घेऊन बसून राहतात. त्या वेळेला मी प्रयोगशाळा उघडायला तयार आहे. आमच्यासारखे इतर परिचरही तयार होतील, असं वाटतं. मात्र रसायनं आणि बर्नर असलेल्या खोलीत मुलांसोबत शिक्षक असायला हवेत. म्हणून विज्ञान शिक्षकांना आळीपाळीने लवकर बोलवावं आणि तेवढी एक तासिका त्यांना दुपारी सूट द्यावी. मुख्याध्यापकांच्या पुढच्या तालुका सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक प्रयोगशाळा परिचर,
जि. यवतमाळ