जपानी दगड आणि आपल्या पटाश्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानच्या नैसर्गिक धारदगडांविषयी आलेला लेख वाचला. धार लावण्याच्या कामावर वृत्तपत्रात मजकूर क्वचितच येतो, त्यामुळे आनंद झाला. मात्र हा दगड वापरण्यापूर्वी तासभर पाण्यात बुडवून ठेवावा, असा जो सल्ला लेखात दिला आहे, तो ऐकून कोणी महागडा दगड वाया घालवू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भिजवण्याची गरज असते ती सच्छिद्र कृत्रिम दगडांना, उदाहरणार्थ 1000 नंबरच्या अनेक दगडांना (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). क्योटोजवळच्या नारुताकी, नाकायामा या भागांतील खाणींतून निघालेला, शेवटची धार देणारा दगड हा थरांचा खडक आहे. वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी समुद्रतळाशी सूक्ष्म सजीवांची सिलिकायुक्त कवचे आणि माती साचून तो तयार झाला. पाणी थरांमध्ये मुरले तर तो उकलण्याची भीती असते आणि म्हणूनच जाणकार त्याच्या कडांना लॅकरचा लेप देतात. वापरताना वर पाणी शिंपडावे, नागुरा नावाचा लहान दगड घासून दगडाच्या भुकटीचा पातळ चिखल तयार करावा आणि पाते त्यावर हलक्या हाताने फिरवावे. घासता घासता चिखलातील कण आणखी बारीक होत जातात, त्यामुळे पात्यावरचे ओरखडे हळूहळू मिटतात. या दगडावर नंबर छापलेला नसतो. विक्रेता सांगतो तो अंदाज.

लेखाचा दुसरा मुद्दा, की नैसर्गिक दगड कृत्रिम दगडापेक्षा सर्वच कामांत सरस असतो, मला मान्य नाही. जपानी रंध्याच्या पात्यात मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. नैसर्गिक दगडावर लोखंड धुरकट आणि पोलाद उजळ दिसते, आणि त्या रूपाचेच निम्मे कौतुक असते. आपल्या बाजारातील बहुतेक पटाश्या अखंड एकाच पोलादाच्या असतात. त्यांच्यावर हा फरक दिसणार कसा? स्वयंपाकघरातील स्टेनलेस सुऱ्यांची अडचण वेगळी आहे. त्यातील क्रोमियमचे कार्बाइड सिलिकापेक्षा कठीण असल्याने नैसर्गिक दगड तेथे फार मंद चालतो. भाजी चिरण्यासाठी इतका खर्च करणे ही निव्वळ हौस झाली, आणि हौसेला माझी हरकत नाही.

मिरजेत या विषयाला वेगळे महत्त्व आहे. येथील तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीच उभा केला, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आपणही दिली असेल. तबलीच्या (भोपळ्यावरील लाकडी झाकणाच्या) लाकडावरून रंधा फिरवताना किंवा पाने कोरताना पात्याची धार किती स्वच्छ आहे, हे लाकूड लगेच सांगते. तेथे बारीक दगड उपयोगी पडतोच. पण गोल पटाशीला सपाट दगड, मग तो क्योटोचा का असेना, कामाचा नाही. तिला तिच्या गोलाईचाच लहान दगड लागतो.

याहून मोठे नुकसान मी विजेच्या ग्राइंडरवर होताना पाहतो. घाईत दाबून धरलेल्या पटाशीच्या टोकाला निळा डाग पडला, की साधारण तीनशे अंश तापमान गाठले गेलेले असते, पोलादाचे पाणी (कठीणपणा) उतरलेले असते, आणि मग जगातला कोणताही दगड ती धार टिकवू शकत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो. नव्या कारागिराला हे आधी शिकवायला हवे; खाणींची नावे नंतर.

नैसर्गिक दगडाच्या किमतीत 1000 व 6000 नंबरचे दोन चांगले कृत्रिम दगड आणि ते सपाट करण्यासाठी हिऱ्याची पट्टी येते, वर पैसेही उरतात. मधोमध खोल गेलेल्या दगडावर रंध्याच्या पात्याची पाठ कधीच सपाट होत नाही, त्यामुळे पट्टी वगळू नये. 1000 नंबरवर पात्याच्या मागे पूर्ण लांबीभर बर (घासल्याने मागे वळलेली धातूची बारीक कड) जाणवल्याशिवाय पुढच्या दगडाकडे जाऊ नये. पुढील रविवारी निदान भिजवण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
सुतारकामाचा एक निवृत्त शिक्षक, मिरज (जि. सांगली)