पहिल्या तासाला लागणारा डोळा

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आली की पेपरात अभ्यासाच्या टिप्स येतात, झोपेबद्दल मात्र कोणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. परवा सहज त्याची वही चाळली तर एका पानावर अक्षर तिरकं तिरकं होत गेलेलं आणि शेवटच्या शब्दातून पेनाची रेघ सरळ पानाच्या खालपर्यंत घसरलेली. विचारलं तर म्हणे "अगं डोळा लागला असेल." तोही पहिल्याच तासाला! याला मायक्रोस्लीप म्हणतात, काही सेकंद मेंदू झोपतो, कधीकधी तर डोळे उघडे असतात आणि पोराला स्वतःला पत्ताही नसतो.

रात्री अकराला तो "झोपच येत नाही" म्हणायचा तेव्हा मी सगळं खापर मोबाईलवर फोडायचे. मोबाईलचा दोष आहेच, पण वयात येताना झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन मुळातच तास-दोन तास उशिरा वाढायला लागतं, हे मला आत्ता कळतंय. म्हणजे झोप उशिरा, गजर मात्र तोच, आणि या वयाला लागते आठ ते दहा तास झोप, मग सहा तासांत भागणार कसं?

चिडचिडीचंही तेच. कॉर्टिसॉल हे स्ट्रेसचं हार्मोन सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त असतं, मग उतरत उतरत रात्री अगदी कमी व्हायला हवं, पण झोप बुडली की दुसऱ्या संध्याकाळी ते हवं तसं उतरत नाही असं दिसून आलंय. सगळ्यांचं सारखंच होतं असं नाही म्हणा. आमच्याकडे मात्र दिवसा पेंगणारा हाच मुलगा रात्री साडेदहाला खोडरबर सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतो. त्यात संध्याकाळी सहाची कॉफी, तिच्यातलं जवळपास निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात 2016 साली हायस्कूलची वेळ 7:50 वरून 8:45 केली, तर मुलं उशिरापर्यंत जागत बसली नाहीत, सरासरी 34 मिनिटं जास्त झोपली. हे मी पालकसभेत सांगितलं तर "आम्ही नाही का पहाटे उठून शिकलो" म्हणून सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी दोघं मागच्या बाकावर जांभया देत होते, ते सोडा. वेळ बदलणं माझ्या हातात नाही, पण पहाटे साडेचारला अभ्यासाला उठवणं मी बंद केलंय.

– एक आई