‘नॉर्मल’ लिहिण्याआधी तुम्ही थांबता, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे सोनोग्राफीचे रिपोर्ट आमच्या स्त्रीरोग विभागात रोज वाचले जातात. त्यांच्यावरून उपचार ठरतात, ऑपरेशनं ठरतात, काही टळतातही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

पाळीत पोट दुखतं म्हणून आलेल्या बाईच्या पोटावरून पाच मिनिटं प्रोब फिरवला, तर कागदावर बहुधा ‘गर्भाशय, अंडाशय नॉर्मल’ एवढंच उमटतं. अंडाशयात मोठी चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर ती त्यातही सापडते. पण एन्डोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयामागच्या बंधांवर, गुदाशयाच्या भिंतीवर, मूत्राशयावर रुजलेला असतो. तिथे सूज येते, चट्टे पडतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. पोटावरून यातलं फारसं काही कळत नाही. मग तो ‘नॉर्मल’ शब्दच बाईच्या विरोधात साक्ष देतो. घरी ‘सगळ्यांनाच दुखतं’, कामावर ‘दर महिन्याला हिची सुट्टी’, आणि वर ‘मूल झालं की थांबेल’. प्रजननवयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार निदान व्हायला सरासरी 4 ते 12 वर्षं लागतात. त्या वर्षांत अशा किती कागदांची थप्पी साठत असेल!

तुम्ही प्रोब हातात घेण्याआधी विचारता. पाळीच्या दिवसांत शौचाला दुखतं का? लघवीला? संबंधाच्या वेळी आत खोलवर कळ येते का? दुखणं पाळीआधी किती दिवस सुरू होतं? शौचाचं आणि संबंधांचं बायका आपणहून सांगत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मग योनीमार्गातून तपासताना प्रोबने हलकेच दाबून गुदाशय गर्भाशयमुखाच्या मागून मोकळा सरकतो का, ते पाहता. सरकला तर ‘स्लायडिंग साइन पॉझिटिव्ह’. नाही सरकला तर मागची जागा चिकटून बंद झाली आहे. अंडाशय जागच्या जागी हलतात, की गर्भाशयामागे एकमेकांना भिडून बसलेत? सिस्टच्या आतला द्रव घासलेल्या काचेसारखा एकसारखा करडा दिसतो का? बाई नेमकी कुठल्या ठिकाणी कळवळते? हे सगळं रिपोर्टात येतं. आतड्यावर गाठ असेल तर ती किती मिलिमीटर आणि गुदद्वारापासून किती अंतरावर, हेही येतं.

ही शेवटची ओळ आमच्यासाठी फार मोलाची आहे. ती नसताना दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू केलं आणि आतड्यावरची गाठ आत गेल्यावर दिसली, तर आतड्याचे सर्जन हजर नसतात, बाईची तशी संमतीही घेतलेली नसते. अर्धवट काम करून बाहेर यावं लागतं आणि पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन. अंडाशयावर दर वेळी चाकू लागला की बीजांचा साठा घटतो. मूल हवं असलेल्या बाईला ते परवडणारं नसतं. सिस्टच्या आतलं रक्त नुसतं ओढून काढलं, तर ती बहुधा पुन्हा भरते.

तुमच्या रिपोर्टमुळे पुष्कळ जणींना दुर्बिणीशिवायच गोळ्या सुरू करता येतात, उदाहरणार्थ डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, रोज 2 मिलिग्रॅम. (पहिले काही महिने मधूनच रक्तस्राव दिसतो. हे आधी सांगितलं नाही, तर बायका तिथेच गोळी सोडतात.)

लग्न न झालेल्या मुलींची तपासणी तुम्ही भरल्या मूत्राशयावर पोटावरून करता, आणि तिच्या मर्यादा स्पष्ट लिहून गरज असेल तर एमआरआय सुचवता. ‘आजार दिसला नाही, याचा अर्थ तो नाही असा नव्हे’ ही ओळही त्यात असते. वरवरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, हे खरंच आहे. पण त्या ओळीमुळे मुलीचं दुखणं तिच्या आईला पटतं.

आणि मूत्रपिंडं. खोलवरची गाठ मूत्रवाहिनीला हळूहळू आवळते, तेव्हा कमरेत दुखेलच असं नाही. मूत्रपिंड मुकाट फुगतं आणि निकामीही होऊ शकतं. तपासणी संपल्यावर कुशीवर प्रोब ठेवून दोन्ही मूत्रपिंडं पाहायला तुम्हाला जेमतेम दोन मिनिटं लागत असतील. ती तुम्ही कधी चुकवली नाहीत.

मॅडम, एक मागणं आहे. तुमच्या त्या प्रश्नांची एक प्रत आम्हाला द्या. बाहेरच्या बाकावर केसपेपर भरतानाच आमच्या सिस्टर ते विचारतील, म्हणजे बाई तुमच्याकडे येईल तेव्हा उत्तरं कागदावर असतील आणि तुमचा अर्धा तास सगळा तपासणीसाठी राहील.

आपले कृतज्ञ,
स्त्रीरोग विभागातील डॉक्टर आणि परिचारिका