फराळाची यादी असते, मुक्कामाची का नसते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमध्ये दोन गोष्टी हटकून असतात: चकलीच्या भाजणीचे प्रमाण आणि मामाचा गाव हरवल्याबद्दल गळा काढणारा लेख. भाजणीबद्दल तक्रार नाही. पण मामे-आते-मावसभावंडे एकमेकांकडे राहायला जात नाहीत याचे खापर दरवेळी मोबाइलवर फोडले जाते, ते पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात सात-आठ मुले दोन रात्री राहून गेली की घरातल्या बाईचा पार पिट्टा पडतो, आणि पुढच्या वर्षी ती 'जेवायला या' म्हणते, 'राहायला या' म्हणत नाही. फराळाची यादी महिनाभर आधी होते. मुक्कामाची होतच नाही. पुरवणीत भाजणीशेजारी अर्धा रकाना मुक्कामाला मिळावा, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंघोळीच्या पाण्याचा. १५ लिटरच्या विजेच्या गिझरमध्ये ६० अंशांपर्यंत तापलेले पाणी असेल, तर गार पाणी मिसळून त्याचे अंघोळीजोगे ३५ लिटर होते. म्हणजे दोन बादल्या, दोन मुले. टाकी पुन्हा तेवढी तापायला २००० वॉटच्या कॉइलला १८ ते २० मिनिटे लागतात. आठ मुलांच्या चार फेऱ्या आणि मध्ये तीनदा थांबणे. नुसती वाट पाहण्यातच तास जातो. सूर्योदय साडेसहाच्या सुमाराचा धरला, तर पहिले मूल पाचच्या आत पाटावर बसले पाहिजे. हा हिशेब आदल्या रात्री कुणी करत नाही, आणि पहाटे घाई झाली की उकळते पातेले घेऊन मुलांच्या गराड्यातून कुणीतरी मोरीकडे निघते. त्यापेक्षा मोठ्या मुलांनी उजाडल्यावर अंघोळ केली तर काही बिघडत नाही. तीन वर्षांच्या मुलाला तर पाचला गदागदा हलवून उठवण्यात कुणाच्याच पदरी पुण्य पडत नाही.

घाईचा दुसरा उपाय म्हणजे गॅसचा गिझर, आणि तो जास्त धोक्याचा. पाणी अखंड येते म्हणून एकामागून एक मुले आत जातात, थंडी म्हणून खिडकी लावलेली असते, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून दारही. गिझर न्हाणीघरात बसवलेला असेल तर ज्योत त्याच कोंडलेल्या हवेवर जळते. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत पाणी पडण्याचा आवाज येतोय म्हणजे अंघोळ चालली आहे, असे बाहेरच्यांना वाटते. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा आणि आत फक्त नळी यावी. आत असेलच, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मग मुलाला आत पाठवावे. डोके दुखते, गरगरते, मळमळते असे मूल म्हणाले, तर 'उपाशीपोटी होतं असं' म्हणून लाडू हातात देऊ नये. त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे, गॅस बंद करावा आणि डॉक्टरांकडे जावे.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटे केले की मधल्या अर्ध्या मिनिटात उतावळा हात आत जातो. पाटाखाली आणि मोरीच्या उंबऱ्याशी गोणपाट हवे, कारण तेल लावलेला पाय टाइल्सवर ठरत नाही; त्यात कारिट फोडल्यावर बिया आणि गर सांडलेला असतो. उटणे पाहुण्या मुलाच्या अंगाला थेट लावू नये. ज्याची कातडी कोरडी, खाजरी आहे त्याला ते झोंबते. आदल्या दिवशी कोपराच्या आत चिमूटभर लावून पाहावे. न्हाणीघराच्या कडीला बाहेरून काही करता येत नसेल, तर त्या दोन दिवसांपुरती ती चिकटपट्टीने बंद करावी. लहान मुलांना कडी लावता येते, पण घाबरल्यावर काढता येत नाही.

फटाक्यांबाबत दरवर्षी बरेच छापून येते, म्हणून दोनच गोष्टी. पाय भाजतात ते बरेचदा विझलेल्या फुलबाजीच्या तारेवर. पाण्याची बादली आधी आणून ठेवावी आणि तार हातातून थेट बादलीत जावी. आणि भाजलेच, तर वाहत्या नळाखाली २० मिनिटे धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातले काहीही नको.

आता रात्र. १० बाय १२ फुटांच्या खोलीत दोन सिंगल गाद्या लांब भिंतीशी टोकाला टोक लावून टाकल्या की १२ फुटांची रांग होते. भिंतीकडे डोकी करून माणशी दोन फूट, म्हणजे सहा मुले. पाय गादीबाहेर येतात तिथे सतरंजीची घडी आणि या सगळ्यावर एक सलग चादर. नाहीतर दोन गाद्यांच्या फटीत मधले मूल अडकते आणि भांडण तिथूनच सुरू होते. लाथा मारणारा एका टोकाला, सगळ्यात लहान मोठ्या माणसाच्या बाजूला. वर्षाच्या आतले बाळ या रांगेत अजिबात नको. पांघरूण प्रत्येकाला वेगळे, दाराला आतून कडी नाही आणि घरातले एक मोठे, भरवशाचे माणूस त्याच खोलीत. याचे कारण मोठ्याने बोलायला आपण बिचकतो, पण बिचकत का होईना, एवढे पाळावेच. मच्छरांसाठी बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा खिडकीला जाळी किंवा मच्छरदाणी बरी.

अंथरूण ओले होणे पाच-सहा वर्षांपर्यंत अगदी सर्वसाधारण आहे, पण मुलाची आई लाजेने सांगत नाही. यजमानांनीच फोनवर विचारावे. मेणकापड, त्यावर सुती धोतराची घडी, झोपण्यापूर्वी सर्वांचीच शू आणि अकराच्या सुमारास एकदा उठवणे, एवढे पुरते. ओली चादर सकाळी इतर मुलांसमोर बाल्कनीत वाळत घालू नये. आईची आठवण बहुधा दिवे मालवल्यावर येते, त्या वेळी व्हिडिओ कॉल लावला की रडे दुप्पट होते. फोन सात वाजता, जेवणाआधी. तरीही मूल ऐकेना, तर त्याला निमूट घरी पोहोचवावे. 'एवढा मोठा झालास नि...' हे वाक्य गिळावे.

पाहुण्या आजी-आजोबांच्या पिशव्या ही दुसरी दुर्लक्षित जागा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या उशाशी, पर्समध्ये, फराळाच्या डब्याशेजारी असतात. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या अशा आहेत की दोन वर्षांच्या मुलाने एक जरी गिळली तरी त्याची साखर धोकादायक उतरू शकते. सगळ्यांच्या गोळ्या एका डब्यात आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावा. बॅटरीवरच्या पणत्यांत बटणाएवढे सेल असतात, त्यांची झाकणे नुसत्या नखाने उघडतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून जाळू शकतो. उलटी काढायला लावू नये, वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

खाण्याचे त्या मानाने सोपे आहे. चार वर्षांखालच्यांचा चिवडा शेंगदाणे आणि खोबऱ्याच्या कापांशिवाय वेगळा काढावा, कारण पळता पळता दाणा श्वासनलिकेत जातो. मूल खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. घशात बोट घालून चाचपू नये. सकाळी आठ मुलांना अर्धा किलो जाडे पोहे पुरतात. रात्री मात्र फराळ उचलून ठेवावा आणि मऊ वरणभातच द्यावा: दोन वाट्या तांदूळ, वाटीभर तूरडाळ. मध्यरात्री पोटात दुखण्याच्या तक्रारी कमी होतात.

किल्ल्याची एक अडचण राहिली. अळीव पेरल्यावर हिरवळ दिसायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून यजमानांची मुले किल्ला आधीच पुरा करतात आणि पाहुण्यांना 'हात लावू नका' ऐकावे लागते. बुरूज आणि उतार आधी करावेत. पायऱ्या, तळे आणि मावळे मांडणे पाहुण्यांसाठी राखून ठेवावे. भाऊबीजेच्या ओवाळणीचा आकडाही मामा-काकांनी आपसात आधीच ठरवावा. एका बहिणीच्या ताटात पाचशे आणि दुसरीच्या ताटात दोनशे पडले की मुली तिथल्या तिथे मोजतात.

निघताना प्रत्येक मुलाची एक कापडी पिशवी, तिच्यावर नाव, ओले कपडे वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. आणि पोहोचल्यावर सगळ्यांच्या डोक्यातून बारीक दातांची फणी फिरवायची, कारण एकाच रांगेत सहा डोकी झोपली की उवा कुणाच्या आणि कुणाला गेल्या हे कळत नाही, आणि त्यावरून वहिनी-नणंदांनी फोन करण्यात काही अर्थ नसतो.

आपली,
एक वाचक, ठाणे