ग्रंथपाल महोदयांस जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय महोदया,
सादर प्रणाम.

मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टावरील माझा लेख पूर्ण झाला. त्याला जे काही वजन आले आहे ते आपल्यामुळे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

१८२४ मध्ये सुरू झालेल्या या न्यायालयाविषयी मोरो रघुनाथ प्रकरणच सर्वाधिक सांगितले जाते. पुण्यात आप्त पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाला हजर करावे, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम १८२८ मध्ये न्यायालयाने काढला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने तो अमलात येऊ दिला नाही. सर एडवर्ड वेस्ट व सर चार्ल्स चेंबर्स हे न्यायाधीश त्याच वर्षी निवर्तले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयाचे कामकाजच बंद केले. हकिकत रंगतदार असल्यामुळे बहुतेक लेखक इथेच थांबतात, आणि ग्रँट यांना आवडीनुसार हुतात्मा किंवा हटवादी ठरवून मोकळे होतात.

आपण मात्र या वादावर प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील सर्वोच्च अपील मंडळाने, दिलेल्या निकालाचा खंड माझ्यापुढे ठेवला, सोबत या न्यायालयाची स्थापना करणारी १८२३ ची सनद दिलीत आणि ‘आधी प्रश्न वाचा, मग उत्तर’ एवढेच सांगितलेत. इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाच्या न्यायाधीशांचे अधिकार सनदेने मुंबईच्या न्यायाधीशांना दिले आहेत, या आधारावर ग्रँट उभे होते. कौन्सिलचे उत्तर काही मोजक्या कलमांत आहे. स्थानिक हद्दीत राहणारी व्यक्ती, किंवा हद्दीबाहेर असूनही व्यक्तिशः या न्यायालयाच्या अधिकारात येणारी व्यक्ती, यांच्यावरच असा हुकूम काढता येईल; कंपनीच्या प्रांतातील देशी न्यायालयाच्या तुरुंगाधिकाऱ्यावर, केवळ तो त्या पदावर आहे म्हणून, काढता येणार नाही. मोरो रघुनाथचा आणि त्यासोबतचा तुरुंगाधिकाऱ्यावरील, असे दोन्ही हुकूम गैर ठरले खरे, परंतु न्यायालयाच्या आज्ञा सरकारने अडवाव्यात की नाही, याविषयी त्या कलमांत काहीच नाही. पूर्वनिर्णयाचे बंधन ठरलेल्या मुद्द्यापुरतेच असते, हे मला ही कलमे वाचतानाच नीट उमगले.

आपण सुचवलेला १८४७ चा खोजा खटलाही तितकाच उपयोगी पडला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलींना वारसा नाकारणारी खोजा या मुस्लिम समाजाची रूढी ग्राह्य धरली. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्टाची जागा उच्च न्यायालयाने घेतल्यानंतरही तो निर्णय पुढच्या खटल्यांत आधार म्हणून वापरला गेला, आणि अखेर १९३७ च्या शरीयत कायद्याने त्या रूढीचा पाया काढून घेतला. मुलींच्या बाबतीत तो अन्यायच होता, असे माझे मत लेखात स्पष्ट नोंदवले आहे.

लेखाची एक प्रत ग्रंथालयासाठी पाठवत आहे. सनदेच्या अर्थाविषयी माझे विवेचन जिथे सैल वाटेल तिथे निःसंकोच खूण करावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक वाचक