दुधाबरोबर दही कशाला बंद?

मा. संपादक,
स. न.

दूध पचत नसेल तर दही-ताकही बंद करा, असा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. याच सल्ल्यापायी मी सात वर्षं दहीभाताला मुकलो, म्हणून हे पत्र.

एसटीत वाहक होतो. पहाटेच्या सातारा-स्वारगेट गाडीवर घरून पेलाभर दूध पिऊन जायचो आणि खंबाटकीचा बोगदा यायच्या आत पोटात गुडगुड सुरू व्हायची. शिरवळला गाडी थांबते न थांबते तोच तिकिटांचं मशीन ड्रायव्हरच्या हाती देऊन मी पसार! डॉक्टरांनी पंधरा दिवस दूध सोडायला लावलं, पोट शांत झालं. निदान अचूक होतं. पण चिठ्ठीवर दुधाखाली दही, ताकही खोडलेलं.

पुतणीच्या लग्नात राहवलं नाही. दोन वाट्या दहीबुंदी खाल्ली आणि रात्रभर धास्तीनं जागा राहिलो. काहीच झालं नाही.

पुढं नातीनं उलगडून सांगितलं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारा लॅक्टेज हा पाचकरस माझ्या आतड्यात कमी बनतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, वायू धरतो. दह्यात मुळात लॅक्टोज थोडं कमी. शिवाय विरजणातल्या जिवंत जीवाणूंकडं ती फोडणारा स्वतःचा रस असतो. पोटात गेल्यावरही त्यांचं काम चालू राहतं. १९८४ साली अमेरिकेत लॅक्टोज न पचणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात १८ ग्रॅम लॅक्टोज दह्यातून दिलं, तेव्हा न पचलेली साखर आंबून श्वासात उतरणारा हायड्रोजन वायू दुधाच्या मानानं सुमारे एक तृतीयांशच भरला.

मात्र जीवाणू जिवंत हवेत. कढी उकळली की ते मेले. ती मी आजही अर्धी वाटीच घेतो. आणि ज्यांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांचं दुखणं वेगळं, त्यांनी दह्याच्या वाटेला जाऊ नये.

पुरवणीत एवढा फरक छापावा. दही लावल्यावर पुन्हा तापवलंय की नाही, हेही पाकिटावर मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात असावं. परवा दुकानात तीन डबे उलटेपालटे करून पाहिले. शेवटी सुटं दही घेऊन घरी आलो.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सातारा